दुसरी आंघोळ

वडिलांनी अट घातली ती रात्रीच्या जेवणाच्या पाटावर. ते मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, त्यामुळे त्यांच्या अटीत पळवाट शोधण्यात अर्थ नव्हता. मी केलेलं छोटं विमान पाण्यावरून उठलं पाहिजे, हात न लावता. ढकलायचं नाही, फेकायचं नाही, दोरी बांधायची नाही. पाण्यावर ठेवायचं आणि हात काढून घ्यायचा. उठलं तर ते माझ्या फॉर्मवर सही करतील. नाही उठलं तर सोमवारपासून मी त्यांच्याच कचेरीत उमेदवार म्हणून बसायचं.

फॉर्म मुंबईच्या वर्गाचा होता. विमानाच्या इंजिनांचं काम तिथं शिकवत, आणि पालकाच्या सहीशिवाय दारातसुद्धा घेत नसत. उमेदवार म्हणजे बिनपगारी कारकून. दुसऱ्यांच्या फायली बांधायच्या, नकला करायच्या आणि कुणीतरी निवृत्त व्हायची वाट बघायची. उमेद सोडून बाकी सगळं त्या उमेदवारीत होतं. मी वीस वर्षांचा होतो आणि त्या खोलीतल्या दौतींच्या वासानंही मला मळमळायचं.

पाण्याची भानगड मात्र माझीच. लढाईची वर्षं होती. एका वर्तमानपत्रात समुद्रावर तरंगणाऱ्या विमानाचं चित्र आलं होतं. माझं कामट्यांचं विमान आमच्या माळवदावरून सोडलं की समोरच्या गल्लीपर्यंत जायचं. त्यावर वडील म्हणाले, "माळवदावरून फेकलं तर खेटरही उडतं." मला राग आला. मी म्हणालो, माझं पाण्यावरूनही उठेल. जिभेला हाड नसतं, तसली गोष्ट. वडिलांनी भाताचा घास तसाच हातात धरला आणि म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या रविवारी नदीवर मी स्वतः बघीन. पण नाही उठलं आणि त्यानंतर विमानाचं नाव काढलंस, तर तुझ्या नावानं आंघोळ करून मोकळा होईन."

मेलेल्याच्या नावानं करतात ती आंघोळ. आईनं वाढता वाढता पळी खाली ठेवली. वडील उगाच बोलणारे नव्हते.

आठ दिवस हातात होते. विमानाचं अंग बांबूच्या कामट्यांचं, वर पतंगाचा कागद खळीनं चिकटवलेला, पुढचा पंखा पांगाऱ्याच्या लाकडाचा. त्याला फिरवायला रबर. नवं रबर सगळं लढाईवर गेलेलं, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या होत्या. त्यांत जीव नव्हता. पंख्याला बोटानं पीळ देत गेलं की अडीचशे वेढ्यांपर्यंत त्या निमूट ऐकत, पुढं कधीही तुटून बोटं फोडत. चाकांच्या जागी पाण्यावर तरंगायला दोन छोट्या होड्या हव्या होत्या. त्यांसाठी भेंड, म्हणजे बाशिंगाला वापरतात तो झाडाचा हलका गाभा, आणायला मी बाशिंगं करणाऱ्याकडे गेलो. त्यानं विचारलं, "लग्न कुणाचं?" मी म्हणालो, विमानाचं. त्यानं पैसे घेतले नाहीत. मला वेड लागलंय असं त्याला वाटलं असावं, आणि तो फारसा चुकत नव्हता.

दिवाळी होऊन गेली होती. प्रवरेचं पाणी निवळून डोहात थांबलं होतं. पहिल्या दिवशी भेंडाच्या होड्या पाणी प्यायल्या आणि विमान नाक खुपसून बसलं. दुसऱ्या दिवशी त्यांना मेण लावलं. आता त्या तरंगत, पण जड झाल्या. पंखा भिरभिरायचा, विमान पाण्यावरून पळायचं, मागं पाण्याची दुहेरी रेघ उठायची, आणि आता उठणार, आता उठणार, असं वाटता वाटता पीळ संपायचा. डोहाच्या मधोमध ते थांबून राही. मग मी गळ्याइतक्या पाण्यात जाऊन ते आणायचो.

मी ते हलकं करत सुटलो. काचेच्या तुकड्यानं कामट्या खरवडल्या. शेपटाचा रंग खरवडला. होड्या निम्म्या कापल्या. पंखा इतका तासला की उन्हात धरला तर बोटं दिसत. काही उपयोग होईना. पाणी त्याला सोडतच नव्हतं. ओट्यावर सांडलेल्या पाण्यात ताटली कशी चिकटते, तसं ते डोहाला चिकटून बसे. बुधवारी संध्याकाळी मी पाण्यात उभा राहून रडलो. वीस वर्षांच्या मुलानं रडायची ती जागा नव्हती, पण पलीकडे कुणी नव्हतं.

गुरुवारी तिथं म्हशी आल्या. काठाला ज्यांचं शेत होतं ते काका रोज त्यांना पाण्यावर आणत. माझं विमान पळत असतानाच चार म्हशी डोहात पडल्या. पाणी हाललं आणि विमानाची उजवी होडी एकदम पाण्याबाहेर आली. वीतभर वर उठलं ते, मग आपटलं.

"बगितलं का?" काका काठावरून म्हणाले. "गप पान्यावर न्हाई उठायचं त्ये. पानी हाललं की मग सोडतंय. एक पाय सुटला की दुसरा सुटतोय."

"रविवारी सकाळी आणाल म्हशी?"

"आनतो की. म्हशींना काय, पानी दिसलं की पडत्यात."

मी स्वतः पाणी ढवळलं असतं तर वडिलांनी ते हात लावण्यातच धरलं असतं. म्हशींविषयी मात्र अटीत काही नव्हतं. त्या रात्री जेवताना मी आईला सगळं सांगितलं, पाणी हाललं की ते कसं सुटतं, एक होडी आधी कशी उठते, म्हशी आल्या नाहीत तर मी कसा संपलो. आवाज चढला होता माझा. वडील शेजारच्या पाटावर खाली मान घालून जेवत होते. त्यांनी फक्त ताक मागितलं.

रविवारी पहाटे वडिलांच्या आंघोळीचं पाणी मीच काढलं. त्यांची आंघोळ, संध्या, सगळं आटोपल्यावर आम्ही निघालो. ते कोट-टोपीत, कचेरीत निघाल्यासारखे.

डोहावर वारा नव्हता. पाण्यात पलीकडची बाभूळ जशीच्या तशी उलटी दिसत होती. काका एकटेच काठावर उभे होते.

"आवं, राती एक म्हस येली, रेडकू झालं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बाकीच्या तिला सोडून हलंनात. लई हाकल्या मी. न्हाई आल्या."

वडिलांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं आणि म्हणाले, "हं."

पहिल्यांदा सोडलं. पळालं, थांबलं. आत जाऊन आणलं. दुसऱ्यांदा वेढे देताना एक पट्टी तुटली आणि अंगठ्यावर बसली. मी गाठ मारली, पुन्हा पीळ दिला, पुन्हा सोडलं. थांबलं. रबर आता सैल पडलं होतं. फार तर एक खेप निघाली असती. दातओठ खाऊन वेढे मोजत होतो, दोनशे दहा, दोनशे अकरा, आणि डोळ्यांपुढे कचेरीतलं ते मेज येत होतं. मला तिथं मरेपर्यंत बसावं लागणार होतं.

तेवढ्यात वडिलांनी वहाणा काढल्या. कोट काढून घडी घातली, खडकावर ठेवला, त्यावर टोपी, टोपीत घड्याळ. आणि धोतरानिशी ते डोहात उतरले.

मला कळलं. त्यांनी निकाल दिला होता. माझा शेवटचा पीळ संपायचीही वाट न बघता हा माणूस माझ्यासमोर माझ्या नावानं आंघोळ करत होता. काकांनी तोंड फिरवलं. वडील छातीभर पाण्यात गेले, नाक धरलं आणि बुडी मारली. पाणी दुभंगून मिटलं. ते वर आले, पुन्हा बुडले. विमान मी पाण्यावर धरून ठेवलं होतं. तिसऱ्या बुडीला माझ्या बोटांतला जोर गेला आणि ते हातातून सुटलं.

ते पळालं. समोरून वडिलांच्या बुडीच्या लाटा येत होत्या. पहिल्या लाटेवर ते डुललं. दुसऱ्या लाटेवर उजवी होडी सुटली. मग डावी. पाण्यावरची रेघ तुटली आणि पुढं रेघ नव्हतीच. माणसाच्या उंचीवरून डोह ओलांडून ते पलीकडच्या बाभळीत शिरलं, आणि कागद टराटरा फाटल्याचा आवाज अलीकडे ऐकू आला.

वडील डोळ्यांवरचं पाणी निपटत बाहेर आले. धोतराचा सोगा पिळला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू हात लावला नाहीस. मी पाहिलंय."

"तुमची आंघोळ तर पहाटे झाली होती," मी म्हणालो.

"फॉर्म आणलायस का?"

फॉर्म आठ दिवस माझ्या सदऱ्याच्या खिशात होता, आणि सदरा मी काठावर काढून ठेवला होता. त्यांनी कोटातलं पेन काढलं आणि खडकावर कागद ठेवून सही केली. मनगटावरून पाणी ओघळत होतं. कचेरीत त्यांच्या सहीचं वळण नवीन कारकुनांना दाखवत, पण ही सही पार फुटली.

मुंबईला वर्गाच्या कारकुनानं तो कागद उजेडात धरला आणि सही अशी का, म्हणून विचारलं. मी सांगितलं, वडील आंघोळ करून आले होते.