मामाची बिजागरी

माझा मामा एकोणीस वर्षं एका गेम कंपनीत पेन टॅबलेटवर अंतराळयानं काढायचा. यानाला दार हवंच, हा त्याचा हट्ट. "आत माणूस शिरणार कुठून, धुराड्यातून?" असं म्हणत तो खाली डाव्या कोपऱ्यात दार काढायचा, बिजागरीसकट. तिथेच गिरवून गिरवून टॅबलेट झिजला, बारीक खड्डा पडला. पेन त्यात अडकायचं आणि बिजागरीच्या रेषेला हिसका बसायचा. नवा टॅबलेट मागितला की साहेब म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू."

मग यानं काढणारं मशीन आलं. त्याला शिकवायला साहेबांनी मामाचीच चित्रं मागितली, आणि या भोळ्या सांबाने ती एकूण एक, नीट नावं घालून दिली. मी असते तर टॅबलेट डोक्यात घातला असता.

काल मशीनचं पहिलं यान मोठ्या पडद्यावर झळकलं. टाळ्या झाल्या, आणि त्याच दुपारी मामाच्या हातात नारळ दिला. निघताना त्याने ते चित्र मोठं करून दार पाहिलं. बिजागरीच्या रेषेला तोच हिसका होता.

घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "मी नाही चाललो गं त्यांना. माझा खड्डा चालला."