थोरल्या जाऊबाई आणि तुटलेली निळी कडी

थोरल्या जाऊबाईंच्या टापटिपीचा घरात असा दरारा की चहा संपायच्या आत कप विसळला जाईल या धास्तीने त्यांचा नवरा भराभर घोट घेई. धाकटीचं नशीब तर आणखीच खडतर. घरात ही थोरली जाऊ, आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हीच वरिष्ठ!

त्यात धाकटीने स्वतःच लोढणं गळ्यात घेतलेलं. हृदयाच्या ठोक्यांवर व्याख्यान द्यायला येणाऱ्या डॉक्टरांना ती सांगून बसली होती, "बशीत रंगाच्या लाटेचा भोवरा फिरताना दाखवते." थोरलीने बजावलं होतं, "नाही जमलं तर पुढच्या वेळेपासून बशी बंद. पडद्यावर चित्रफीत लावायची."

बशीत लाल द्रावणाचा पातळ थर. त्यात निळा ठिपका उठे, त्याची कडी होई, कडी पसरत जाई. लाट गेली की मागचं द्रावण थोडा वेळ दमलेलं, लगेच पेटत नाही. म्हणून लाट पुढेच पळते, आणि दोन लाटा भिडल्या की दोन्ही विझतात. जावांना हे कुठून जमायला! भोवऱ्यासाठी कडी तुटायला हवी होती. ती तोडायला धाकटी बशी हलवी, की सगळं एकजीव लाल, आणि पुन्हा गोल कड्या.

डॉक्टर टेबलाशी आले, तेव्हाही कड्याच. थोरली वाकली.

"अगं, बुडबुडा आलाय. पाहुण्यांसमोर असं ठेवतात?"

"ताई, हात नका लावू!"

तोवर काचेची कांडी फिरली. बुडबुडा काठाला, कडी तुटलेली.

"बिघडलं. फेक, दुसरी लाव."

धाकटीने बशी घट्ट धरली. तुटलेली टोकं रेंगाळली, वळली, आणि मागच्या, आता दम खाऊन ताज्या झालेल्या द्रावणात शिरली. दोन भोवरे फिरू लागले, एक उजवीकडे, एक डावीकडे.

"हृदयात वणापाशी लाट अशीच तुटते," डॉक्टर म्हणाले, "आणि ठोक्यांचा ताल जातो. कडी तोडली कुणी?"

"आमच्या ताईंनी."

"मी कशाला तोडीन? मी साफ करत होते!"

बशी बंद व्हायची टळली. पाहुणे गेल्यावर थोरलीने कांडी धुतली, पुसली, कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"पुढच्या वेळी मला बोलव," ती म्हणाली. "तोडायचं ते नीट तोडायला हवं."