न उडालेलं पाणी

टीव्हीवर महिलांच्या जागतिक डायव्हिंग स्पर्धेतली शेवटची उडी होती. उडी मारणाऱ्या मुलीनं अंग पुसून हातातलं फडकं खाली भिरकावलं, लवचिक फळीवरून ती उंच उसळली, हवेत गरगरली आणि सुळकन पाण्यात शिरली. पाणी जेमतेम हललं.

"गेलं बाई सुवर्णपदक!" माझी आत्या हळहळली. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीत गुडघे पोटाशी धरून मुटका मारून काठावरच्यांना जो जास्त भिजवील, तोच पहिला. आत्या सरळ सूर मारायची, म्हणून कायम शेवटची.

"आत्या, इथं पाणी जितकं कमी उडेल तितकं चांगलं."

तेवढ्यात प्रेक्षक उठून ओरडू लागले. ती मुलगी पहिली आली होती. उंचावरून येणाऱ्याला पाण्यानं निमूट वाट द्यावी, याहून मोठा मान कुठला, असं माझ्या मनात आलं.

आत्या मात्र ताडकन उठली. "म्हणजे विहिरीवर मीच पहिली होते की गं!"