‘शांत’ लिहिलेली पाटी

त्याचं खरं नाव दुकानाच्या फलकावर होतं, पण फलक उन्हानं इतका विटला होता की ते वाचायच्या फंदात कुणी पडत नसे. सगळे त्याला होयबाच म्हणत. आणि त्यात त्याचा काय दोष, तुम्हीच सांगा. ज्याच्या हातात वस्तरा आहे त्यानं गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसतो, हे त्याच्या वस्तादांनी त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. वाद घातला की गिऱ्हाईक मान हलवतं, मान हलली की कापतं, आणि मग तुरटीचा खडा फिरवत माफी मागत बसावं लागतं. त्यापेक्षा हो म्हणून मोकळं व्हावं. आज पाऊस येईल का? हो. छे, आज कसला येतोय? तेही हो. बायकोनं एकदा विचारलं होतं, “मला बघायला आलात तेव्हा हो म्हणालात, ते मी आवडले म्हणून की सवयीनं?” यावरही हा गडी “हो” म्हणाला होता. त्याला तीस वर्षं झाली, बाईंना अजून उत्तर मिळालेलं नाही.

दुकानात खुर्च्या दोन आणि हात एकाच माणसाचे. त्यामुळे डावीकडच्याला फेस लावून ठेवायचा आणि तो मुरेपर्यंत उजवीकडच्याची दाढी करायची, अशी पद्धत. रविवारी सकाळी डावीकडे निवृत्त मास्तर बसत आणि उजवीकडे कापडवाले. दोघांमधून विस्तवही जात नसे, पण वेळ मात्र दोघांना तीच हवी. मानेला फडकं बांधलेलं, तोंडाला फेस, मान वळवायची सोय नाही, म्हणून ते आरशातून भांडत. विषय तीन वर्षं एकच होता: रस्त्याच्या टोकाला जुन्या गोदामात चालणारं ताईंचं घर.

ताई म्हणजे देवाच्या नावानं घरदार सोडलेल्या, करडे कपडे घालणाऱ्या सात बायका. रस्त्यावर मरायला टेकलेली, कुणी नसलेली माणसं त्या उचलून आणत, धूत, पुसत, भरवत आणि शेवटपर्यंत हात धरून बसत. मास्तरांना हे अजिबात पटत नसे. त्यांचं म्हणणं, ही दया नव्हे, आपल्या देवासाठी केलेली भरती आहे. औषधानं जो उठून बसेल त्यालाही या बायका दवाखान्यात नेत नाहीत, मरणाऱ्याच्या कानाशी प्रार्थना पुटपुटतात, आणि दुखलं तर सांगतात की दुःख ही देवाची देणगी. इतकी मोलाची देणगी आहे तर आधी स्वतः घ्यावी. यावर कापडवाले आरशातून डोळे वटारत. त्या घराला चादरी त्यांच्या दुकानातून जात, त्यामुळे त्यांना फार लागायचं. ते विचारत की मास्तरांनी आजवर किती जणांना रस्त्यावरून उचललं, आणि गटाराकाठी मेलेला माणूस जास्त स्वतंत्र असतो की काय. मधे उभा होयबा डावीकडे हो म्हणे, उजवीकडे हो म्हणे, आणि खरं सांगायचं तर दोन्ही हो मनापासून असत. त्याला दोघांचंही पटायचं. हाच तर त्याचा घोळ होता.

कारण ते घर त्यानं आतून पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी थोरल्या ताई दुकानात आल्या आणि म्हणाल्या की आमच्याकडच्या पुरुषांच्या दाढ्या इतक्या वाढल्यात की भरवलेला घास तोंडात कमी आणि दाढीत जास्त जातो, गुरुवारी दुपारी याल का? हो, म्हणाला. दुसरं काय म्हणणार. पहिल्या दिवशी तो दाढ्या उरकून घाईनं निघून आला, पण तिसऱ्या गुरुवारपासून गडी तिथं जायला उतावीळ व्हायला लागला. मरणाच्या घरात इतकी चेष्टामस्करी चालते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो प्रत्येक खाटेपाशी उभा राहून धंद्याच्या सवयीनं विचारायचा, “कसं करू?” आणि ज्यांना कित्येक वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं ती माणसं एकदम राजे होऊन बसत. एका हमालाला मिशीची टोकं वर वळवून हवी होती, तीही दोन्ही सारखी. ताईंनी आरसा धरून ठेवला तरच तो खात्री करून झोपे. एकाला टक्कल होतं, त्यानं भांग डावीकडे पाडायला सांगितलं आणि होयबानं गंभीर तोंडानं पाडलासुद्धा.

प्रत्येक खाटेच्या उशाशी एक पाटी असे. त्यावर खडूनं लिहिलेलं: ताप, पातळ जेवण, कूस बदला. क्वचित एखाद्या पाटीवर एकच शब्द असे, ‘शांत’. त्या घरात याला फार मान होता. या माणसाचं देवाशी जुळलं, आता गोळ्या-औषधांचा त्रास नको, फक्त हात धरायचा, असा त्याचा अर्थ.

त्या गुरुवारी नवव्या खाटेवर ‘शांत’ होतं. होयबानं चेहऱ्यावरचा ओला टॉवेल उचलला आणि खाली त्याचे वस्ताद निघाले.

सहा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. कारण ऐकाल तर हसाल. माझ्याच रस्त्यावर माझ्यासमोर दुकान थाटतोस का रे, असं वस्तादांनी रागानं विचारलं होतं, आणि हा “हो” म्हणून गेला होता. त्यानंतर वस्तादांची नजर अधू झाली, दुकान मिटलं, मूलबाळ नव्हतंच, माणूस दिसेनासा झाला. आता कळलं की कमरेच्या हाडात गाठ आहे. मोठ्या दवाखान्यानं दोन दिवस ठेवून, करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून, पायऱ्यांवर आणून बसवलं होतं. तिथून ताईंनी उचललं.

होयबानं फेस लावायला घेतला. मिटल्या डोळ्यांनीच वस्ताद म्हणाले, “फेस पातळ आहे.”

सहा वर्षांचा अबोला संपला तो असा. होयबाचा चेहरा इतका फुलला की शेजारच्या हमालाला वाटलं याला काही लाभ झाला. पण वस्तरा गालावर टेकला आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं. न्हाव्याच्या बोटांना खोटं सांगता येत नाही. शांत माणसाचा गाल सैल असतो, वस्तऱ्याखाली कसाही वळतो. वस्तादांचा गाल फळीसारखा ताठ होता. दातावर दात घट्ट रुतलेले होते आणि जबड्याच्या कोपऱ्यातली शीर उडत होती.

तेवढ्यात दोन ताई कूस बदलायला आल्या. त्यांनी हात लावताच वस्ताद हळू, खोल आवाजात म्हणाले, “शांत... शांत.” धाकट्या ताईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, बघा ना, आम्ही स्पर्श केला की दर वेळी हेच म्हणतात, म्हणून तर पाटी लिहिली.

होयबाच्या हातातली फेसाची वाटी पडता पडता राहिली. हा आवाज त्यानं हजार वेळा ऐकला होता. वस्तरा गळ्यापाशी आला की वस्ताद गिऱ्हाइकाला अगदी याच सुरात सांगायचे: शांत. म्हणजे हलू नका. म्हणजे आता एवढंसं हललात तर जिवावर बेतेल. म्हातारा देवाला भेटला नव्हता, तो गेले कित्येक दिवस विनवत होता की बायांनो, मला हलवू नका.

आता हे सांगायला हवं की नको? थोरल्या ताई समोरूनच आल्या. म्हणाल्या, “किती शांत आहेत ना?” आणि होयबाच्या तोंडून काय निघालं असेल?

हो.

घरी येऊन त्यानं स्वतःला मनातल्या मनात सोलून काढलं. बायकोनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, त्यांना इकडे आणा. दोन खोल्या आणि पाच माणसं, तरी ती म्हणाली, हे लक्षात घ्या. दुसऱ्या दिवशी त्यानं वस्तादांना विचारलं. वस्तादांनी विचार केला आणि नकार दिला. म्हणाले, “तुझ्याकडे रोज तुझ्याच हातची दाढी करून घ्यावी लागेल. त्यापेक्षा इथल्या पोरी बऱ्या. हलवतात फार, पण जीव लावतात. दुखतंय म्हणून त्यांच्यापुढे रडगाणं गाणं मात्र मला जमायचं नाही.” तेव्हा वस्ताद तिथंच राहणार हे ठरलं. राहिलं ते दुखणं, आणि ते थांबवायला होयबाला तीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी नाही म्हणावं लागणार होतं.

त्यानं आरशासमोर सराव केला. पहिल्यांदा “ना” आला, मग शिंक आली. दुसऱ्यांदा “नाही हो” आला, तो बायकोनं बाद केला. मग तीच परीक्षा घ्यायला बसली. साखर खारट असते का? नाही. तुम्हाला शिंगं आहेत का? नाही. जमायला लागलं म्हणून बाईंना हुरूप आला आणि त्यांनी लाडात विचारलं, मी अजून छान दिसते का? गडी ऐन भरात होता. “नाही,” म्हणाला. त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

रविवार उजाडला. डावीकडे मास्तर, उजवीकडे कापडवाले. मास्तर म्हणाले की त्या गोदामात माणसं विव्हळत मरतात, बरोबर ना रे? कापडवाले म्हणाले की तिथं माणसं समाधानानं जातात, खरं की नाही? होयबानं वस्तरा खाली ठेवला.

“नाही,” तो म्हणाला. “दोघांनाही नाही.”

आरशात दोन तोंडं उघडीच राहिली. मग जे झालं ती त्या दुकानातली पहिली बिनपाण्याची हजामत. होयबा मास्तरांना म्हणाला की तुमची सून दवाखान्यात दुखणं थांबवण्याचीच डॉक्टर आहे, आणि तुम्ही तीन वर्षं माझ्या खुर्चीत बसून नुसती तोंडाची वाफ दवडताय, एकदा तिला त्या घरी का नाही घेऊन गेलात? कापडवाले खुदकन हसले, तसा तो त्यांच्याकडे वळला. चादरी दिल्यात, उपकार झाले, पण त्या चादरीवर कोण कसं झोपतं ते बघायला कधी पाय वळले का? मग त्यानं दोघांची फडकी सोडली आणि म्हणाला, चला.

भर सकाळी रस्त्यानं तीन बाप्ये निघाले. पुढे होयबा, मागे अर्धीच दाढी झालेले कापडवाले, आणि सर्वात शेवटी तोंडभर फेस घेऊन मास्तर, आपण का चालतोय हे न कळताही लगबगीनं.

थोरल्या ताईंनी त्यांना दारातच गाठलं. मास्तरांची मतं त्यांना ठाऊक होतीच. शांतपणे म्हणाल्या की दवाखान्यानं ज्याला पायऱ्यांवर ठेवलं आणि तुम्ही ज्याच्यावर भाषणं दिलीत, त्याचं अंग आम्ही धुतलं. हे तरी खरं ना?

“हो,” होयबा म्हणाला. मागे मास्तरांनी कपाळावर हात मारला. “पण ताई, पाटीवरचं खरं नाही. तो आमच्या धंद्यातला शब्द आहे. शांत म्हणजे हलू नका. त्यांना दुखतंय.”

ताईंना ते पटेना. तेव्हा त्यानं त्यांचा हात धरला, नवव्या खाटेपाशी नेला आणि वस्तादांच्या जबड्याच्या कोपऱ्यावर ठेवला. धाकट्या ताईंनी कूस बदलायला घेतली. “शांत,” वस्ताद म्हणाले, आणि थोरल्या ताईंच्या बोटांखाली ते हाड कचकन आवळलं. शेकडो कपाळांवरून तो हात फिरला होता, पण जबड्यावर कधी थांबला नव्हता.

त्या खाटेच्या काठावर बसल्या. “नऊ दिवस,” त्या म्हणाल्या. “नऊ दिवस मी या शब्दासाठी देवाचे आभार मानले.”

मास्तरांना आयती संधी होती. तीन वर्षांची वाक्यं तोंडाशी तयार होती. पण फेस वाळून तोंड आवळलं होतं की आणखी काही, कोण जाणे, ते एवढंच म्हणाले की मी सुनेला फोन करतो. ताईंनी आपल्या बाहीनं पाटी पुसली आणि लिहिलं, ‘दुखतंय’.

सून दुपारीच आली. पातळ औषध कसं मोजायचं, दर चार तासांनी कसं द्यायचं, हे तिनं सातही ताईंना शिकवलं. जाता जाता सगळ्या खाटा पाहिल्या आणि चौथ्या खाटेवरून गेल्याच आठवड्यात गेलेल्या तरुणाची चौकशी केली. मग स्पष्ट सांगितलं की तो कदाचित वाचला असता. थोरल्या ताईंनी ते उभ्यानं ऐकून घेतलं. पुढच्या तापकऱ्याला त्या स्वतः दवाखान्यात घेऊन गेल्या. प्रार्थना मात्र सोडली नाही. औषधाच्या बाबतीत तुमचं ऐकेन, प्रार्थनेत लुडबुड नको, असं त्यांनी बजावलं. मास्तर यावर अजून धुसफुसतात, पण आता खाटांमधे बसून, हातात कुणाचा तरी पाण्याचा पेला धरून. समोर कापडवाले चादरीची टोकं खोचत त्यांना प्रत्युत्तर देतात. हमाल दोघांना गुण देतो.

पुढच्या गुरुवारी होयबानं नवव्या खाटेवरचा टॉवेल उचलला. बोट लावलं आणि गाल वळला. मऊ, सैल. त्याला नाचावंसं वाटलं.

“कसं करू?”

“गुळगुळीत,” वस्ताद म्हणाले. “आणि या वेळी फेस नीट कर.” मग पूर्ण दाढीभर त्यांनी चुका काढल्या. कोन चुकला, कातडी ताणली नाहीस, इतक्या वर्षांत काय शिकलास. एवढं सुख होयबाला कधी झालं नव्हतं. तो हसत होता, आणि हसता हसताच डोळ्यांना धार कधी लागली ते त्याला कळलं नाही. वस्तरा गळ्यापाशी होता आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा हात थरथरला.

“शांत,” वस्ताद म्हणाले.

हात थांबला. त्यानं गळा पूर्ण केला, तुरटी फिरवली, कोरडं पुसलं.

त्यानंतर वस्ताद कुणाशी बोलले नाहीत आणि दिवेलागणीला गेले. निरोप मिळाल्यावर होयबा परत आला, तेव्हा थोरल्या ताई हातात खडू घेऊन पाटीपाशी उभ्या होत्या. धाकट्या ताईंनी त्यांना सांगितलं होतं की शेवटचा शब्द तोच होता. त्यांनी संकोचत विचारलं की या वेळी तरी तो आमच्या अर्थानं होता का, लिहू का मी?

“नाही, ताई,” होयबा म्हणाला. “तो मला होता.”