आभाळ दिसेपर्यंत चढत राहा

टोकियोत येऊन मला आठ महिने झाले होते, बायकोला तीन आठवडे. मुलगी अडीच वर्षांची. तिचा कान दुखत होता आणि इंग्रजी समजणारे डॉक्टर शिबुयाला होते. त्या शनिवारी मला ऑफिस होतं, म्हणून मी परस्पर तिकडे जाणार आणि बायको मुलीला घेऊन एकटी येणार असं ठरलं. तिच्याकडे मोबाइल नव्हता.

आम्ही राहायचो आसाकुसाला. तिथून सुटणारी, शहरातली सगळ्यांत जुनी भुयारी गाडी शेवटी शिबुयालाच थांबते. गाडी बदलायची भानगड नाही. मी कागदावर लिहून दिलं, "शेवटपर्यंत बसून राहा. गाडी जमिनीखाली असते, म्हणून उतरलीस की जिने चढत राहा. आभाळ दिसलं की तिथेच थांब. मी असेन." आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, त्यामुळे माझं लिहिलेलं घरात कोणी तपासत नसे. मी स्वतः त्या गाडीने शेवटपर्यंत कधीच गेलो नव्हतो.

अकराची वेळ ठरली होती. रस्त्यावर भुयारी रेल्वेची पाटी असलेल्या जिन्याच्या तोंडाशी मी उभा राहिलो. माणसं वर येत होती, पण त्यांत त्या दोघी नव्हत्या. सव्वाअकरा, साडेअकरा. घरी फोन लावला, नुसती रिंग वाजत राहिली. खाली जाऊन फलाटाची दोन्ही टोकं पाहिली आणि पळत वर आलो, कारण तेवढ्यात ती वर आली असली तर? तिला जपानी येत नाही, आमच्या घराचा पत्ता तिला धड म्हणताही येत नाही, हे मला तेव्हा एकदम जाणवलं. तालुक्याच्या गावाहून तिला इथे आणताना सासऱ्यांना मी म्हणालो होतो, "काळजी करू नका, मी आहे ना."

शेवटी स्टेशनवरच्या माणसाला गाठलं आणि मोडक्या जपानीत विचारलं, आसाकुसाहून येणारी गाडी कुठे? त्याने वर बोट दाखवलं. मी मान हलवून जमिनीकडे बोट केलं. त्याने शांतपणे तीन बोटं दाखवली आणि पुन्हा वर. तिसरा मजला. मला वाटलं, याला माझं बोलणं कळलेलंच नाही.

पण त्याचं बरोबर होतं. शिबुया खोलगट भागात आहे. गाडी आपल्या पातळीवर सरळ येते आणि तिच्या खालची जमीनच उतरत जाते. म्हणून गाडी सुरू झाली त्या काळच्या लोकांनी शेवटचं स्टेशन एका मोठ्या दुकानाच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर बांधलं. फलाटावरून थेट दुकानात जाता येतं. मी इतका वेळ उभा होतो ते दुसऱ्याच भुयारी गाडीच्या स्टेशनचं दार होतं.

धावत तिसऱ्या मजल्यावर गेलो. रिकामी गाडी उभी होती. त्या दोघी नव्हत्या. मग कागदावरचं माझं वाक्य आठवलं आणि मी जिने चढायला लागलो. चौथा मजला साड्यांसारख्या घड्या घालून ठेवलेल्या किमोनोंचा, पुढे भांडी, पुढे खानावळी. दम लागला तरी थांबायची हिंमत होत नव्हती.

गच्चीवर मुलांसाठी झोपाळे होते. एका बाकावर बायको बसली होती. मांडीवर मुलगी, हातात माझा कागद. तिचे डोळे लाल झाले होते.

"अहो, किती चढवलंत," ती म्हणाली. "आभाळ तर गाडीतूनच दिसलं होतं. वाटलं, हे ते आभाळ नसेल, तुम्ही जिने लिहिलेत म्हणजे जिने असणारच."

"घाबरलीस?"

"घाबरून कुठे जाणार होते? याच्यावर आणखी जिना नव्हता."

डॉक्टरांची वेळ टळून गेली होती. तिने मुलीला माझ्या कडेवर दिलं, कागदाची घडी करून माझ्या खिशात घातली आणि म्हणाली, "आता खाली कसं जायचं ते मात्र सांगू नका. मी विचारते कुणाला तरी."

आणि ती पुढे झाली.