उंबऱ्यावर ओतलेलं फुलपाणी

ते भांडण मी आमच्या गच्चीवरून ऐकलं. एप्रिलचे दिवस होते, कडू नारिंगीची फुलं चादरीवर पसरून मी देठं खुडत बसले होते. खाली सी लमीनच्या दारात मबरूकाचा आवाज चढला. मबरूका माझी शेजारीण, माझ्यासारखीच घरच्या भट्टीवर फुलपाणी काढणारी. एक माप फुलांचे दोन फश्के निघतात. फश्का म्हणजे गवताच्या वेष्टणातली काचेची सुरई. तर ते दोन फश्के घेऊन ती आली होती. एक तिच्या हातात, दुसरा मागे उभ्या असलेल्या तिच्या मुलाच्या काखेत. हा मुलगा खमैस, पंचवीस वर्षांचा गडी.

सी लमीन, म्हणजे लमीनसाहेब, आम्हा बायकांचं पाणी विकत घेऊन राजधानीत, तुनिसला पाठवायचा. त्या वर्षी त्यानं नको म्हणून सांगितलं. म्हणाला, "घराघरातल्या मालाला आता कुणी विचारत नाही. मी बाटलीबंद करतोय."

मबरूका म्हणाली, "बाटलीत भरतोस तरी काय? यंदा फुलांच्या बाजारात तर एकदाही दिसला नाहीस."

गल्लीत चार माणसं हसली. ते हसू त्याला झोंबलं. त्यानं तिच्या हातातला फश्का घेतला, बूच काढलं आणि सगळं पाणी स्वतःच्या उंबऱ्यावर ओतलं. "याची लायकी एवढीच. उंबरा धुऊन निघाला. जा आता."

तिची दहा दिवसांची राबणूक पायरीवरून गटारात गेली. गल्लीभर असा वास सुटला की माझ्या फुलांचा वास मला येईना. खमैसनं उंबऱ्याकडे बघितलं, सी लमीनकडे बघितलं, दुसरा फश्का काखेत घट्ट धरला आणि आईला घेऊन घरी गेला.

तीन वर्षांनी मबरूका वारली. अपमानानं वारली असं मी म्हणणार नाही, तिला दमा होता. पण त्या दिवसानंतर तिनं भट्टी पेटवली नाही, हे मात्र खरं.

खमैसला कुंभारांच्या पेढीवर चांगली नोकरी मिळत होती. ती सोडून तो आमच्या भागाच्या व्यापारी मंडळात शिपाई म्हणून लागला. मी विचारलं, तिथं कशाला रे? तो म्हणाला, "मावशी, तिथं एक मोठी खुर्ची आहे. आज ना उद्या तो तिच्यावर बसणार. तेव्हा मी दाराशी असलेला बरा."

आणि झालंही तसंच. सहा वर्षांत सी लमीन मंडळाचा अध्यक्ष झाला. खमैस त्याला रोज कॉफी नेऊन द्यायचा, मान खाली घालून. गल्लीतली माणसं म्हणायची, आईचं विसरला बिचारा. मी त्याच्या कॉफी ठेवणाऱ्या हाताकडे बघितलं होतं. पेल्याचा आवाजसुद्धा येत नसे. इतका जपून राहणारा माणूस काही विसरलेला नसतो.

मंडळाचं काम मला त्याच्याकडूनच कळलं. मी अर्ज केला तर तो राजधानीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरणार आणि शेवटी त्यात कुणीतरी बदाम बांधून देणार. पण मंडळाच्या शिक्क्याचं पत्र गेलं की सरकारला उत्तर द्यावं लागतं. कुंभारांच्या भट्ट्यांचा गॅस महागला तेव्हा मंडळानं पत्र लिहिलं, चार माणसं पाठवली आणि दर खाली आणून घेतला. मच्छीवाल्यांना बर्फाचं गोदाम मिळालं तेही तसंच. फक्त आम्हा फुलपाण्याच्या बायकांसाठी कुणी तोंड उघडत नव्हतं. आम्ही सभासदच नव्हतो ना. घरात बसून धंदा करणारी बाई नोंदीत कुठून येणार?

खमैसनं आमची नोंद करायला घेतली. एकेकीला परवान्याच्या कचेरीत घेऊन जायचा, अर्ज भरून द्यायचा, सही कुठं करायची ते बोटानं दाखवायचा. मला माझं नाव लिहिता येतं, पुढचं त्यानं लिहिलं. अशा आम्ही एकतीस जणी सभासद झालो. मग आमचा अर्ज गेला: ज्या बाटलीत फूल नाही, तिच्यावर आमच्या गावाचं नाव नको. कारण तोवर सी लमीनचा कारखाना अत्तराचं तेल पाण्यात ढवळून गावाच्या नावानं देशभर विकत होता आणि आमचे फश्के कोनाड्यात पडून राहत होते.

अर्जावर आवक शिक्का मारायचं काम खमैसचंच. शिक्का मारून तो अर्ज अध्यक्षांपुढे ठेवायचा. अध्यक्ष म्हणायचे, पुढच्या बैठकीत बघू, आणि खण उघडायचे. अकरा वसंत गेले, अकरा अर्ज खणात गेले.

यात एक गंमत होती आणि सी लमीन सोडला तर ती फक्त मला नि खमैसला माहीत होती. मंडळात पाहुणे आले की शिपायानं गुलाबदाणीतून त्यांच्या हातावर फुलपाणी शिंपडायचं, कॉफीतही दोन थेंब घालायचे, ही आमच्याकडची रीत. सी लमीन स्वतःच्या कारखान्याचं पाणी पाहुण्यांना कधीच लावू देत नसे. खऱ्या पाण्याचा वास दुपारच्या नमाजापर्यंत हातावर राहतो. त्याच्या पाण्याला अर्ध्या तासात स्वस्त साबणाची घाण यायची, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो खमैसला सांगायचा, शाजलियाकडचं आण आणि मागच्या दारानं आण. शाजलिया म्हणजे मी.

मला राग यायचा. म्हटलं, आपलं पाणी देऊन तू त्याचीच अब्रू झाकतोस. खमैस म्हणाला, "झाकू दे. न बघता माझ्यावर सोडायची सवय लागू दे त्याला."

मग सरकारनंच गावोगावच्या मालाच्या नावांची तपासणी काढली आणि राजधानीचे साहेब आले. गावाचं नाव फक्त फुलांच्या पाण्याला राखून ठेवावं का, हे ते ठरवणार होते आणि मंडळ जे मत देईल तेच कागदावर चढणार होतं. अध्यक्ष नको म्हणाला असता, तर आमच्या भट्ट्या त्या वर्षीच भंगारात गेल्या असत्या. सकाळी मी फश्का पुसून तयार ठेवला होता. खमैस आला आणि म्हणाला, "आज तुझं नको, मावशी. आज त्याचंच."

आम्ही एकतीस जणी सभासद म्हणून मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. खमैसनं सगळ्यांच्या हातावर गुलाबदाणी फिरवली, कॉफी दिली. सी लमीन उभा राहिला आणि बोलतच राहिला. त्याला भाषण करायची भारी हौस. हंड्यातलं काय नि कारखान्यातलं काय, पाणी ते पाणी, नाकाला फरक कळत नाही, असं त्याचं म्हणणं. तेवढ्यात राजधानीच्या साहेबांमधल्या, पुढे बसलेल्या बाईसाहेबांनी आपला तळहात हुंगला. रुमालानं पुसला. पुन्हा हुंगला. कॉफीचा एक घोट घेऊन पेला लांब सरकवला.

"हे आम्हाला काय लावलंत?" त्यांनी विचारलं.

खमैसनं बाटली आणून त्यांच्यासमोर ठेवली, नावाची चिठ्ठी त्यांच्याकडे करून. "आमच्या अध्यक्षांच्या कारखान्याचं, बाईसाहेब. आजवर पाहुण्यांना या मागे बसलेल्या बायकांच्या घरचं लावायचो. म्हटलं, ज्या पाण्याला गावाचं नाव हवंय, तेच आज लावावं."

सी लमीन लाल झाला. आणि रागाच्या भरात त्याच्या तोंडून जे जायचं ते गेलं: "मूर्खा, ते पाहुण्यांसाठी नसतं!"

सभागृहात कुणी हसलं नाही. बाईसाहेबांनी ते वाक्य लिहून घेतलं.

"बाहेर हो," सी लमीन म्हणाला.

"होतो, सी लमीन. तेवढं आवक टपाल ठेवून जातो." आणि खमैसनं अकरा अर्जांच्या अकरा प्रती टेबलावर ठेवल्या, प्रत्येकीवर तारखेचा शिक्का. मग कॉफीचे पेले गोळा केले आणि तबक घेऊन बाहेर गेला.

पुढचं काम मंडळानं केलं. कुंभार, मच्छीवाले, बदामाची मिठाई करणारे, सगळ्यांनी हात वर केले. शिक्क्याचं पत्र गेलं, पत्रामागून माणसं गेली, एकदा मीही गेले. दोन वर्षं लागली. आता सी लमीनच्या बाटलीवर 'सुवासिक पाणी' एवढंच लिहिलेलं असतं. खुर्ची तर त्या सभेनंतरच्याच शरद ऋतूत गेली.

मला वाटलं, खमैसचं झालं समाधान. पण नियम झाला त्या एप्रिलमध्ये तो फुलांचं माप घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, एक माप फुलांचे दोन फश्के. एक तुझा, मावशी, एक माझा. पाणी काढून झाल्यावर त्याचा फश्का काखेत मारून तो गेला आणि भर सकाळी सी लमीनच्या उंबऱ्यावर ओतून आला.

दर वर्षी. पहिल्यांदा सी लमीननं पोलिसाला बोलावलं. पोलीस वाकला, वास घेतला आणि बायकोसाठी असं कुठं मिळेल म्हणून विचारू लागला. दुसऱ्या वर्षी मोलकरणीनं उंबरा घासला, तर वास आणखी पसरला. पुढे येणारे-जाणारे सी लमीनला सांगू लागले की तुमच्या घराला काय सुंदर वास येतो, आणि त्याला मान हलवावी लागे. एकदा त्यानं निरोप धाडला, मी तीस फश्के विकत घेतो, पण हे थांबव. खमैसनं उलट निरोप दिला, विकायचं नाही, उंबऱ्यावरचं फुकट आहे.

मी एकदा म्हटलं, बस कर रे. त्यानं एकदाच ओतलं, तू सात वेळा ओतलंस.

तो म्हणाला, "त्यानं ओतलं तेव्हा माझी आई बघत होती, मावशी. मी ओततो तेव्हा ती नसते. बरोबरी कशी व्हायची?" खरं सांगायचं तर मीसुद्धा दर वर्षी वेळेवर गच्चीवर जाऊन बसत होते.

गेल्या एप्रिलमध्ये त्याचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी पलंगावरून उठू नको म्हणून बजावलं होतं. भट्टी मीच सांभाळली. गुरुवारी सकाळी तो आला, बूच दाबून बघितलं, गवत हातानं सारखं केलं आणि निघाला. वीस पावलांची गल्ली, दोनदा भिंतीला टेकला. सी लमीन दारातच खुर्ची टाकून बसला होता, पायावर शाल, पाय उंबऱ्यावर. दोघंही म्हातारे दिसत होते, एक लवकर झालेला, एक वेळेवर.

"पाय वर घ्या, सी लमीन," खमैस म्हणाला.

त्यानं पाय वर घेतले. खमैसनं ओतलं, फश्का उलटा करून बुडावर दोनदा टिचकी मारली, बूच लावलं आणि रिकामा फश्का माझ्या दारात आणून दिला. शनिवारी तो वारला, पण गुरुवारी त्याच्या बोलण्यात काही वेगळं नव्हतं.

"धुऊन ठेव, मावशी," म्हणाला आणि घरी गेला.