भिंगरीबाई आणि बाल्कनीची खोली

भिंगरीबाईंना मी कधी बसून चहा पिताना पाहिलं नाही. कप हातात, पाय उंबऱ्यावर आणि डोळे रस्त्यावर. बल्लारपूर स्टेशनच्या रस्त्याला माझं तिकिटांचं दुकान आहे. रेल्वे, बस, विमान, कुणी म्हटलं तर तीर्थयात्राही. बाईंसाठी खुर्ची पुसून पुढे करावी तर म्हणायच्या, "ठेव तुझी खुर्ची, राजू. बसलं की गंज चढते." चहा संपेपर्यंत त्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत, पंख्याकडे बघून "हा कुरकुर करून राह्यला, तेल टाक" म्हणत, आणि मी तेलाची डबी शोधेपर्यंत रस्त्याला लागलेल्या असत. पायाला भिंगरी म्हणतात ती अशी. मोहल्ला त्यांना पाठीमागे भिंगरीबाई म्हणे आणि तोंडावर सिस्टरबाई.

सिस्टरबाई म्हणजे नर्स. सगळी नोकरी गडचिरोलीच्या जंगलात, हेमलकशाच्या पलीकडच्या टोल्या-पाड्यांवर गेली. उन्हाळ्यात पायी, पावसाळ्यात लाकडी डोंग्यातून नाला ओलांडून लसी पोचवायच्या. नवरा इथे पेपर मिलमध्ये, बाई तिकडे जंगलात, आणि मधल्या रस्त्याची काय ती अवस्था. सुट्टी मिळाली की धावत घरी यायचं आणि सुट्टी संपली की धावत परत. मी एकदा म्हटलं, "बाई, रिटायर झालात, आता तरी दम घ्या." म्हणाल्या, "पेन्शन मले भेटते, पायाले नाई भेटत."

भाऊ, म्हणजे त्यांचे मिस्टर, अगदी उलटे. एका जागी बसले की बसले. बोलायचे कमी, आणि खरं सांगायचं तर त्यांना बोलायला संधीच कुठे होती? कुणी विचारावं, "भाऊ, तब्येत कशी?" उत्तर बाईंचं. "भाऊ, पुण्यातल्या पोराचा फोन येतो का?" उत्तर बाईंचं. लग्नाच्या मांडवात पोरगा सरबताचा ट्रे घेऊन आला की बाई ग्लास उचलत, नाकाशी धरत आणि मग भाऊंच्या हातात देत. मी या मोहल्ल्यात उशिरा आलेला माणूस. मला वाटे, नर्सची सवय असेल. हसूही यायचं.

मग एकदा बुद्धविहारातल्या कुठल्या तरी बाईच्या मोबाइलवर त्यांनी मोठं जहाज पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझं शटर वर जायच्या आधी या दारात उभ्या. "अर्धी नोकरी डोंग्यात गेली. आता मोठ्या डोंग्यात जाऊन पाहाचं आहे. मुंबईहून सुटते मनतात. सांग काय काय रायते त्यात." भाऊ बाहेरच्या बाकावर बसले होते, नेहमीसारखे.

मी खोल्या समजवायला घेतल्या. जहाजाच्या पोटातली आतली खोली, तिला खिडकीच नसते. मग खिडकीची. मग बाल्कनीची. आणि सगळ्यात वर राजेलोकांची. बाईंचा पहिला प्रश्न, "खिडकी उघडते का?"

"नाही बाई, काच पक्की बसवलेली असते."

"मंग तिले खिडकी काऊन मनतात?" याचं उत्तर मला आजवर कुठल्या कंपनीने दिलेलं नाही.

तेवढ्यात बाहेरून भाऊंचा आवाज आला. "आतलीच घे ना. आतली खोली थंडी रायते. उन्हाची झळ नाई लागत." यावर मुंबईचा माणूस हसेल, पण आमच्याकडचं गिऱ्हाईक हटकून हेच म्हणतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात ज्याने दिवस काढलेत, त्याला पश्चिमेची खिडकी ही शिक्षा वाटते. घरातली सगळ्यात आतली, अंधारी खोली आम्ही पाहुण्यांना देतो. मी कोरपन्याच्या एका जोडप्याला असंच आतल्या खोलीत पाठवलं होतं, ते परत येऊन म्हणाले, झोप झक्कास लागली, समुद्र कुठे होता ते माहीत नाही. पण बाई म्हणाल्या, "बंद खोलीत माझा जीव घाबरते. मले बाल्कनी पायजे. रात्री उठलं तर पाय कुठी टाकू मी?"

बाल्कनीवर त्या आठवड्यात योजना होती. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "बाई, नशीब काढलंत. बाल्कनी घेतली की पिण्याचं पॅकेज फुकट, दारूसकट." पॅकेजची भानगड मी रोज समजावतो. पाणी-चहा सगळ्यांना असतोच. त्याच्या वर सरबत-कॉफीचं पॅकेज, आणि त्याच्या वर दारूचं. दारूचं घेतलं की खोलीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावावर चढतं, नाहीतर एक जण घेईल आणि चौघं पितील. प्रत्येकाला एक कार्ड मिळतं, लोक ते गळ्यात घालून फिरतात. ते दाखवलं की कुठल्याही काउंटरवर ग्लास भरून मिळतो. गडचिरोलीची गिऱ्हाइकं तर समुद्राचं नंतर विचारतात, आधी हे विचारतात. दारूबंदीचा जिल्हा, दुसरं काय होणार.

बाई ऐकता ऐकता थांबल्या. म्हणजे चालायच्या थांबल्या. मी चमकलोच. त्यांनी बाहेर भाऊंकडे पाहिलं आणि काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "राजू, ते कार्ड यायच्या गळ्यात रायन?"

"हो. दोघांच्याही."

"मंग आतली खोली कर."

मी आपला समजवायला लागलो, बाई, फुकटचं आहे, पिऊ नका, जबरदस्ती थोडीच आहे. तेव्हा त्यांनी सांगितलं. भाऊ मोहाची प्यायचे. मिलची पाळी संपली की भट्टीवर. बाई जंगलातून सुट्टीवर यायच्या, पिशवी दारात टेकवायच्या आणि त्यांना हुडकायला निघायच्या. नाल्याकाठी, रुळांच्या पलीकडे, कधी कुणाच्या गोठ्यात. एकदा सापडले तेव्हा तोंडावर माश्या होत्या. नंतर सुटली. कशी सुटली ते बाईंनाही नीट सांगता येईना. घरात त्या काळाला "तब्येत खराब होती तेव्हा" एवढंच म्हणतात. "सुटली मनते माणूस," बाई म्हणाल्या, "पण माहे पाय नाई मानत. अजून हुडकून राह्यले."

मला भयंकर वाईट वाटलं. इतकी वर्षं आम्ही ज्या पायांवर विनोद करत होतो, त्यांचं हे कारण. मी ताबडतोब कंपनीला फोन लावला, स्पीकरवर टाकला. दारूचं पॅकेज काढा आणि बाल्कनी ठेवा. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, योजनेत बदल होत नाही सर. मी जरा आवाज चढवला. मग म्हणाली, प्रकृतीचं कारण असेल तर त्या प्रवाशाला सरबताचं पॅकेज देता येतं, पण कारण प्रवाशाने स्वतः सांगावं लागेल.

"मी सांगते," बाई पुढे आल्या. "यायची तब्येत—"

"इकडे आण तो फोन." भाऊ दारात उभे होते. बाकावरून सगळं ऐकू येत होतं, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. दुकानात मिलमधलेच दोन रिटायर लोक तिकिटासाठी थांबलेले. भाऊंनी त्यांच्याकडे बघितलं, मग फोन तोंडाजवळ धरला.

"मॅडम, तब्येत ठणठणीत आहे. मी बेवडा आहो. सोडून लय वर्षं झाली, पण फुकट समोर आली तर माहा माह्यावर भरोसा नाई. मले सरबताचं द्या. अन् खोली बाल्कनीचीच ठेवा, आमच्या बाईचा जीव घाबरते बंद खोलीत."

 "हो काका, करते," ती मुलगी म्हणाली, आणि तो 'काका' कंपनीच्या आवाजातला नव्हता. रिटायर लोकांपैकी एक जण भिंतीवरचं वेळापत्रक वाचू लागला, ते मागल्या वर्षीचं होतं. बाई माझ्या खुर्चीत बसल्या. पदर तोंडाला लावून बराच वेळ बसल्या. माझेही डोळे भरून आले, त्यात लपवायचं काय.

जहाजावरून परत आल्यावर बाईंनी तक्रार केली ती भाऊंचीच. "जिथी जावं तिथी तो वेटर ट्रे घेऊन येते, अन् हे माह्या आधीच मनतात, 'आपुन पीत नाई, भाऊ.' मोठ्यानं. मले कामच नाई ठेवलं." समुद्र कसा होता विचारलं, तर म्हणाल्या, चांगला होता, लय मोठा होता. बाल्कनीत बसल्या का, याचं उत्तर भाऊंनी दिलं. "कायची बसते. दिवसभर माळे चढून-उतरून राह्यली व्हती." आणि बाई चक्क हसल्या. उत्तर भाऊंनी दिलं म्हणून हसल्या, असं मला वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात बाई गेल्या. गेल्या त्याही घाईतच. सकाळी छातीत दुखलं आणि दुपारी विहारातून माणसं घराकडे निघाली. आम्हाला कुणाला तयारीच करू दिली नाही.

आता मोहल्ल्याला एकच घोर. भाऊंचं कसं होणार? पुण्याहून पोरगा आला, चार दिवस राहिला, जाताना मला म्हणाला, "राजूभाऊ, जरा लक्ष ठेवा." मग माझं सुरू झालं. दुकान बंद केलं की त्यांच्या घरावरून चक्कर. कधी दह्याचं निमित्त, कधी लाइटबिलाचं. दारात उभं राहायचं, भाऊंची चाल बघायची, जरा जवळ जाऊन बोलायचं आणि निघायचं. घरी जेवायला बसलो की पुन्हा वाटायचं, आत्ता काय करत असतील? बायको म्हणाली, "तुम्हालेही भिंगरी लागली काय?"

एका संध्याकाळी लाइटबिल घेऊन गेलो, तर भाऊ म्हणाले, "बिल काल आणून दिलं तू."

मी बिलाची घडी घालून खिशात टाकली.

"माह्या तोंडाचा वास पाहाले येते ना रोज?"

 भाऊ रागावलेले नव्हते.

"वास नको पाहू, राजू. इचार मले. खरं सांगीन. बाईनं जलमभर वास पाह्यला, पण इचारलं कधीच नाई. भेव वाटे तिले. अन् तिनं इचारलं नाई मनून मीही सांगतलं नाई."

मी अवघडलो. बापाच्या वयाच्या माणसाला हे विचारायचं कसं? पण ते वाट बघत होते.

"भाऊ," मी म्हटलं, "आज घेतली का?"

"आज नाई," भाऊ म्हणाले. "उद्या येऊन इचार."